आमच्या ह्यांच्यासाठी

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, कापड रंगवायच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात सुरू झाली, कारण तिथे हौद आधीच होता. बाप्टिस्ट माणसाला घंटा नसली तरी चालते, मनोरा नसला तरी चालतो. पण माणूस पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतं. तान्ह्या बाळाच्या कपाळावर थेंब टाकून आमचं भागत नाही. माणूस कळता व्हावा, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा आणि मग त्याला अख्खा बुडवावा, असा आमचा रिवाज. पहिल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेले लोक जरा निळसर बाहेर आले म्हणतात. पापं धुतली गेली, नीळ राहिली.

हौदावर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. म्हणजे पाळकसाहेब दर रविवारी हौदावर उभे राहूनच उपदेश करायचे, आणि उपदेश लांबला की मागच्या बाकांवरचे लोक फळ्यांकडे आशेने बघायचे.

माझे काका शिंपी. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे तेच शिवायचे. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून त्याच्या खालच्या काठात शिशाच्या गोळ्या शिवाव्या लागतात, मासे धरायच्या जाळ्याला असतात तशा. मंडळीतल्या प्रत्येकाचं माप काकांना पाठ होतं. एकच झगा त्यांनी कधी शिवला नाही, स्वतःचा. लहानपणी ते विहिरीत पडले होते. तेव्हापासून आंघोळसुद्धा तांब्याने, तीही दाराची कडी न लावता.

तरी दर रविवारी ते काकूच्या शेजारी, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर हजर. बाप्तिस्मा नाही म्हणून सभासद नाहीत, सभासद नाहीत म्हणून मत नाही. मत घरीही नव्हतं, त्यामुळे त्यांना फारसा फरक पडला नाही.

बुधवारी प्रार्थनासभा असायची. खुर्च्यांचं कडं करायचं आणि एकेकाने सांगायचं, कोणासाठी प्रार्थना करायची ते. कोणाचा गुडघा, कोणाची बदली, कोणाची मुलगी. काकूची पाळी आली की ती पदर सारखा करून म्हणायची, "आमच्या ह्यांच्यासाठी." का, ते सांगायची गरज नव्हती. हे शेजारीच बसलेले असायचे, आणि शेवटी आमेन सगळ्यांत मोठ्याने हेच म्हणायचे. वाटेत काकू विचारायची, मग? काका म्हणायचे, पुढच्या वर्षी. माझं अख्खं बालपण त्या पुढच्या वर्षात गेलं.

मग काकू गेली. काही फार मोठं आजारपण नाही. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि तिची चप्पल पिशवीत घालून आम्ही परत आलो.

पुढच्या बुधवारी सवयीने तिची खुर्ची मांडली गेली. एकेक करत पाळी त्या खुर्चीपाशी आली आणि सगळे थांबले. पाळकसाहेबसुद्धा. खुर्ची काहीच बोलली नाही. मग काकांच्या पलीकडच्या बाईंनी घसा खाकरून आपल्या गुडघ्याचं सांगितलं.

घरी येताना काका म्हणाले, "आज माझ्यासाठी कोणी मागितलं नाही रे."

मी म्हटलं, पुढच्या बुधवारी मी मागतो.

"तू नको. तुझं ऐकून उगाच भलतंच व्हायचं."

त्याच महिन्यात मंडळीची सभा झाली. तरुण पोरं केव्हाच रंगीत दिवे आणि ड्रम असलेल्या मोठ्या चर्चला गेली होती. उरलेल्यांना छप्परही झेपेना. आम्ही प्रत्येक गोष्टीवर मतं घेतो; पडद्याच्या रंगावर एकदा महिनाभर भांडण चाललं होतं. चर्च बंद करायचा ठराव मात्र चहा निवायच्या आत झाला. विरोधात कोणी नव्हतं. बाजूनेही कोणाचा हात खांद्याच्या वर गेला नाही.

तेवढ्यात ज्यांना मत नव्हतं ते उभे राहिले. काका म्हणाले, कुलूप लावायच्या आधी मला बुडवा.

पाळकसाहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, आताच का?

"तिला पुढच्या वर्षी म्हणालो होतो. आता हौदाला पुढचं वर्ष नाही."

"ते झालं. पण विश्वास आहे का?"

"विश्वास पहिल्यापासून आहे, साहेब. भांडण पाण्याशी होतं."

त्यांना घ्यायचं की नाही यावर मत घेतलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका म्हाताऱ्या डीकननी दोन्ही हात वर केले. कोणी हरकत घेतली नाही.

काकांनी स्वतःचं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक मला धरायला लावलं. ते धरायचं काम काकूचं होतं. झगा पाण्यात उडाला तर धीर सुटेल, या भीतीने त्यांनी शिसं जरा सढळ हाताने घातलं. जरा म्हणजे दुकानात होतं तेवढं.

रविवारी फळ्या काढल्या. हौद गळत होता, म्हणून पाण्याचा पाइप चालूच ठेवला. काका डोळे मिटून, कठडा धरून पायऱ्या उतरले. पाळकसाहेबांनी वचन म्हटलं, त्यांना मागे झुकवलं, बुडवलं. आणि वर काढायला गेले, तर काका वर येईनात. पाळकसाहेबांची कंबर आधीच गेलेली. शेवटी तेच डीकन नव्या बुटांसकट उतरले आणि दोघांनी मिळून काकांना ओढून काढलं.

काका खोकले, तोंडावरचं पाणी पुसलं, आणि सगळ्यांत आधी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच तिकडे बघितलं. तिथे खिडकीतलं ऊन बसलं होतं. हसायला आलेलं सगळ्यांचं तिथेच राहिलं.

किल्ल्या द्यायच्या आधी एक बुधवार उरला होता. काकूची खुर्ची कोणी मांडली नव्हती. काकांनी स्वतः आणून मांडली. पाळी त्यांच्यावर आली.

"आमच्या हिच्यासाठी," ते म्हणाले. "तिला कळवा, झालं म्हणून."

आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. पाळकसाहेबांनी हे आम्हाला इतक्यांदा शिकवलं होतं की मला झोपेतही सांगता आलं असतं. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी चष्मा काढला आणि डोकं खाली घातलं. आम्हीही घातलं.

आमेन या वेळी काकांना म्हणता आलं नाही. ते मीच मोठ्याने म्हटलं.