पित्ताशय नसलेल्या बाईचे खडे

खडेबाबा फी घेत नाही, ही त्याची पहिली जाहिरात. तेल मात्र त्याच्या मेहुण्याच्याच दुकानातलं लागतं. दुसऱ्या तेलाला म्हणे पित्ताचे खडे दाद देत नाहीत. तेल, लिंबू आणि बाबाची पुडी रात्री घ्यायची, सकाळी पडलेले खडे मोजायला बसायचं. बाबाच्या अंगणात ही गर्दी, आणि जो तो डबी उघडून शेजाऱ्याला हिरवे, मऊ गोळे दाखवतोय. नातवंडांचंही कुणी इतकं कौतुक करत नाही.

शिंपीणबाईंचे बावीस पडले. लगेच त्यांच्या नवऱ्याने इस्पितळातली दुर्बिणीने खडा काढायची मंगळवारची तारीख रद्द केली. डॉक्टरांनी फोनवर परोपरीने सांगितलं, खडा स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकलाय, उशीर जिवावर बेतेल.

"तुम्हाला एकच दिसत होता डॉक्टर," नवरा हसला. "इथे बावीस निघाले."

नवव्या दिवशी बाईंना स्ट्रेचरवरून इस्पितळात आणलं. खड्याने रसाची वाट तुंबली होती आणि अन्न पचवणारा रस स्वादुपिंडालाच पचवत सुटला होता. डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून खडा काढला. या एका अवयवाच्या अभ्यासात सव्वीस वर्षं घालवलेला माणूस. हात स्थिर होता, डोकं तडकलं होतं.

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांनी कुणाला न विचारता बाबाचा डोस घेतला आणि दोन दिवसांनी डॉक्टरांना घेऊन अंगणात गेल्या.

"बाबा, माझे एकतीस."

"वा, ताई. पित्ताशय अगदी धुऊन निघालं तुमचं."

"कुठलं पित्ताशय? ते अकरा वर्षांपूर्वी कापून काढलंय. हा घ्या रिपोर्ट."

बाबा म्हणाला, जुने मागे राहिले असतील. सिस्टरांनी गरम पाण्याच्या पेल्यात एक गोळा टाकला. तो विरघळला, वर तेल तरंगलं, ढवळल्यावर फेस आला. दुसऱ्या पेल्यात डॉक्टरांनी शिंपीणबाईंचा खडा टाकला. तो ठक्कन तळाला गेला आणि तसाच राहिला.

"तेल, लिंबू आणि पुडीतलं जुलाबाचं मीठ, आतड्यात त्याचा साबण होतो," डॉक्टर म्हणाले. "डब्यांत भरून मिरवताय तो साबण आहे. अरे, किती पडले ते मोजलंत, आले कुठून हे एकाने तरी विचारायचं होतं."

डब्या गुपचूप मिटल्या. बाबाने दुसरं गाव धरलं, मेहुण्याचं तेल खपून गेलं होतं, नवऱ्याने चारचौघांत माफी मागितली आणि तो सुटला. शिंपीणबाईंचं इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड अर्धंअधिक गेलं. आता त्या रोज चारदा स्वतःच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचतात, आणि हे जन्मभर.