दुसऱ्या दरवाजाचा हत्ती

मी एक जुना सिमेंटचा हत्ती आहे. गुलबर्ग्याच्या मोठ्या बागेत पुढच्या दरवाजातून आत आलात, की उजव्या हाताला मी उभा. पाठीमागच्या पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं, एवढंच माझं काम. पण मित्रांनो, एवढ्याशा कामात मी किती चड्ड्या फाडल्या, ते त्या पोरांच्या आयांना विचारा!

मला वीरभद्रप्पा गवंड्यानं घडवलं. सळ्या वाकवल्या, जाळी गुंडाळली, वर सिमेंटचे थर चढवले. कानांसाठी तर दोन दिवस खपला. शेवटी माझ्या गालावर ओल्या हाताची थाप मारून म्हणाला, "झाला बघ एक!" मग घमेलं उचललं आणि बागेच्या पलीकडच्या बाजूला चालता झाला. 'एक' का म्हणाला, ते मला दहा वर्षं कळलं नाही.

ती दहा वर्षं माझी चैन होती. रविवारी माझ्यामागे रांग लागायची. पण खरं सांगू? पोरं माझ्यावर बसायची, माझ्यापाशी कुणी बसत नव्हतं. संध्याकाळी सगळे आपापल्या माणसांचा हात धरून जात. माझ्या जातीचं जगात कुणीच नाही, असं मी धरून चाललो होतो.

एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात निंबर्गा गावाहून रेणुकाबाई आली. काखेला तीन वर्षांचा माउली, बोटाला सहा वर्षांची रेणू. ही तिच्या लेकीची, जगदेवीची लेकरं. जगदेवी आणि तिचा नवरा पुण्याला बांधकामावर होते. माझ्या सावलीत घोंगडी अंथरून रेणुकाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि शेजारच्या बाकावरच्या शारदाबाईंपुढे मन मोकळं केलं. शारदाबाई इथल्याच शाळेत शिकवायच्या.

"दिवाळीला येतो म्हणले, आले न्हाईत. उगादीच्या पाडव्याला येतो म्हणले, ते बी गेलं. दीड वर्ष झालं बघा अक्का, लेकीचं तोंड बघितलं न्हाई."

"मग तुम्हीच जावा की मावशी."

"लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत आमच्यात. तिनंच यावं."

एवढं बोलून तिनं रेणूचा कान धरला. "हे बघ. चुकलीस तर हत्तीपाशी जाऊन थांब. जागची हालू नको."

रेणूनं मान डोलवली आणि पोरांच्या घोळक्यामागे मोर बघायला पळाली. घोळका परत आला. रेणू आली नाही.

माउलीला उराशी धरून रेणुकाबाई उठली, दोन पावलं चालली आणि परत घोंगडीवर बसली. नजर मोरांच्या वाटेवर, हात माझ्या पायावर. थोडा वेळ गेला, मग बराच गेला. शारदाबाईंचा धीर सुटला.

"अहो मावशी, पोर हरवलंय आणि तुम्ही बसून काय राहिलाव?"

"हालू नये अक्का. कोकरू चुकलं तर मेंढी जाग्यावरच धरावी. ते माघारी येतंच. मेंढी हालली की दोघं बी जातेत. माझ्या बापाची शंभर मेंढरं होती, एक बी असं गेलं न्हाई."

येणारे-जाणारे थांबायचे, "कसली आजी म्हणायची ही!" असं पुटपुटायचे आणि पुढे जायचे. तिला ऐकू येत होतं. "जगदेवीला काय सांगू रं?" ती हळूच मला म्हणाली. दहा वर्षांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस. आणि मी मेला सिमेंटचा! सोंड उचलून मोरांच्या बाजूला बघावं, एवढंही जमेना.

ऊन कललं. शारदाबाईंचे यजमान हणमंतराव बागेला फेरी मारून आले. बाकावर टेकत बायकोला म्हणाले, "मागच्या दरवाजाच्या हत्तीपाशी एक पोर बसलीय बघ. किती समजावलं, तरी उठत नाही. आज्जी येणार म्हणते."

रेणुकाबाईचे डोळे मोठे झाले. "मागचा हत्ती? अगं बाई! हत्ती दोन हायत?" शारदाबाईंनी कपाळावर हात मारला, त्यांना हे सुचलंच नव्हतं.

मित्रांनो, तिच्याइतकाच मीही हादरलो. माझा भाऊ! याच बागेत, पलीकडच्या टोकाला, दहा वर्षं! आता मला वीरभद्रप्पाचा 'एक' कळला.

मेंढी जागची हालली. माउलीला काखेला मारून, पायताण न घालता पळाली. घोंगडी तशीच पडली होती, ती न्यायला तिघं परत आली. रेणूचा चेहरा रडून रडून सुजला होता.

"आज्जी, मी हाललेच न्हाई."

"मी बी न्हाई हालले गं माय."

"मग कामून सापडलो न्हाई?"

माझ्या सोंडेला डोकं टेकवून रेणुकाबाई रडली, इतका वेळ आवरलेलं सगळं रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "कुणीतरी एकानं हालावं लागतंय, माय." आणि हणमंतरावांकडे वळली. "अण्णा, पुण्याची गाडी कुठनं सुटती?"

ती पुन्हा बागेत दिसली नाही. पुण्याला गेली असेल, लेकीच्या घरचं पाणी प्यायली असेल, असं मी समजतो.

आता माझा एक कान फुटलाय, सळी बाहेर आलीय. पोरांनी चढून लागवून घेऊ नये म्हणून सोंडेला काटेरी तार गुंडाळलीय. शेजारी प्लॅस्टिकची लाल घसरगुंडी आलीय, रांग तिकडं असते. माझी डागडुजी करा, मला रंग लावा, असं मी तुम्हाला म्हणणार होतो. लावलात तर बरंच आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मागच्या दरवाजाकडं जाल, तेव्हा त्या हत्तीच्या गालावर ओल्या हाताची एक थाप मारा. त्याला सांगा, पुढच्या दरवाजाला तुझा भाऊ आहे. तो आला नाही, पण रुसला म्हणून नाही.

आणि तुमचंही कुणी लांब वाट बघत बसलं असेल, तर मित्रांनो, उठा. तुम्हाला चालणारे पाय आहेत.