भाऊंच्या हस्ते दाढ

कळमन्याच्या मिरची यार्डात शिबिरासाठी दातांचा फिरता दवाखाना सकाळीच येऊन थांबला होता. गाडीत डॉक्टर अश्लेषा हातमोजे घालून तयार होत्या. गाडीबाहेर सात वर्षांची मोनाली गाल धरून तयार होती. मधे एक लाल रिबीन होती.

रिबिनीखालून मोनाली सहज गेली असती. पण उद्घाटनाआधी बरं झालेलं पोर शिबिराच्या खात्यात धरत नाहीत.

"काहून गा भाऊ, केव्हा सुरू करता?" मोनालीची आजी तुळसाबाई यार्डात मिरचीची देठं खुडते. तिने शिबिर भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष सुमंतराव यांना गाठलं. "पोरगी कालपास्नं पेजेवर हाय. दाढ सडून हालून राहिली."

"देवरावभाऊ निघालेत, आजी. त्यांच्या हस्ते दार उघडलं, की पहिला नंबर तुमचा."

"दार मी उघडते नं!"

"तुमच्या हस्ते कसं उघडता येईल? फलकावर भाऊंचं नाव छापलंय."

युक्तिवाद बिनतोड होता. भाऊंची वाट बघता बघता अल्पोपाहार उरकला. दातांच्या शिबिराला साजेशी म्हणून शेंगदाण्याची चिक्की होती. मोनालीने ती नुसती हुंगली आणि रडायला लागली.

तुळसाबाईच्या गावात दंतवैद्यकाची एकच शाखा होती. दाताला दोरा बांधायचा, दुसरं टोक दाराला, मग दार ओढायचं. तिने कमरेचा पोती शिवायचा दोरा काढला. एक टोक दाढेला बांधलं, दुसरं गाडीच्या सरकत्या दाराच्या कडीला.

"आजी, त्याईले सांग, हळू वढा," मोनाली तोंड न मिटता म्हणाली.

"मोठा माणूस हाय वं तो. मोठ्या माणसाले दारं उघडाची सवय असते."

अखेर भाऊ आले. शाल झाली, श्रीफळ झालं, दोन भाषणं झाली. दोऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. फुलांची माळ समजून एकाने त्यावर झेंडू अडकवला. भाऊंनी कात्री चालवली. ती मंडळाची कात्री, उद्घाटनाखेरीज तिने कधी काही कापलं नव्हतं. आज उद्घाटनातही कापलं नाही. फोटोवाला "भाऊ, इकडे!" ओरडत होता. भाऊ चिडले. त्यांनी एका हाताने रिबीन हिसकली अन् दुसऱ्याने दार खाडकन् सरकवलं.

दाढ झेंडूसकट हवेत गेली आणि श्रीफळाच्या तबकात पडली.

मग मोनाली म्हणाली, "निंघली!" आणि चिक्की मागितली.

सुमंतरावांनी माइक धरला. "भाऊंच्या हस्ते पहिला रुग्ण बरा!" टाळ्या. भाऊ आपल्या हाताकडे आदराने बघत राहिले.

डॉक्टर अश्लेषांनी धावत येऊन रक्तावर कापसाचा बोळा दाबला, तोंड तपासलं. "अहो, आणखी दोन किडल्यात. हिला आत घ्या."

"आता कुठलं? हुडकेश्वरला पुढचं उद्घाटन आहे," सुमंतराव म्हणाले. "तिथले पाहुणे ताटकळलेत." ड्रायव्हरने गाडी सुरू केली. प्रत्येक पोराच्या हातात एकेक ब्रश पडला.

तुळसाबाईने दोरा नीट गुंडाळून कमरेला खोवला आणि आपल्या गाडीत बसणाऱ्या भाऊंना गाठलं.

"हुडकेश्वरले दार तुम्हीच उघडणार का गा, भाऊ? मंग आमीबी येतो."