भाटकरांची गनबोट

समुद्र माणसाला कधीच टाकत नाही, असं मिऱ्याचे भाटकर म्हणत. शिपिंग कंपनीने मात्र त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं. आता ते मोबाइलवरच्या लढाईत गनबोट हाकत. बोट बैलगाडीसारखी संथ, पत्रा बिस्किटाच्या डब्याचा. मुंबईतला मुलगा दर्शन रविवारी त्यांच्याच टीममधून खेळे. आठवड्यात बापलेकांचं बोलणं तेवढंच.

आज शत्रूचं जहाज उजवीकडून आलं आणि जहाजावरच्या तीस वर्षांच्या सवयीने भाटकरांनी बोट थांबवली.

“अण्णा, तोफ मारा! थांबलात काय?”

“उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते, मेल्या.”

बोट बुडाली.

“अण्णा, पुढच्या रविवारपासून तुमच्या जागी मी ऑफिसातल्या मित्राला घेतो.”

“घे. पण फोन करशील ना?”

दर्शन लढाईत गुंतला होता. दोन मिनिटांत त्यांची टीम जिंकली.