बिननाडीचा बूट

…टरफल फुंकरीनं उडालं आणि त्याखाली एक पांढरी गाठ दिसली. पेपरातल्या करड्या फोटोतली, उंच उडी घेतलेल्या एका बाईच्या वेणीला बांधलेली – रिबिनीसारखी रुंद नव्हे, बारीक, दोन टोकं लोंबणारी. शेंग फोडता फोडता विजयमालेचा अंगठा तसाच थांबला.

संक्रांत तोंडावर आली होती. तिळगुळात घालायला शेंगदाणे हवेत म्हणून ओसरीवर कालचा पेपर पसरून सासू मालनबाई आणि ती शेंगा फोडत बसल्या होत्या. सोनईत पेपर नगरहून दुपारच्या एसटीनं यायचा. आधी मामंजी वाचायचे, मग हे, आणि दुसऱ्या दिवशी टरफलांखाली अंथरला की मग तो तिचा. तिला तरी अख्खा कुठं हवा होता? खेळाचं पान मिळालं की झालं. गेल्या महिन्यात लढाईपायी ते पानच आटलं होतं, तेव्हा ती घरभर उगीच चिडचिडत होती – आणि का, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ती शोधायची भागिरथीला. भागिरथी वाकचौरे, संगमनेरकडची, नगरच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात हिच्याच जोडीची. चेंडू विजयमालेनं काढून द्यायचा आणि भागिरथीनं टाकायचा, असं ठरूनच गेलेलं. रेल्वेच्या संघासाठी मुंबईला निवडीचं बोलावणं आलं ते दोघींनाही आलं होतं – खेळायचं आणि खेळण्याचाच पगार घ्यायचा, असली अजब नोकरी! पण त्याच आठवड्यात सोनईचं स्थळ पक्कं झालं. वडील म्हणाले, लग्न झाल्यावर बायका कुठं खेळतात का… आणि तिलाही ते अगदी पटलं होतं. पटलं होतंच ना? भागिरथी एकटी गेली.

मग पेपरात वाकचौरे यायला लागली. कधी आठ गुण, कधी सोळा. ती वाचायची, कौतुकानं ऊर भरून यायचा आणि त्याच उरात कुठंतरी कुसळ टोचत राहायचं. गेल्या वर्षी नाव यायचं बंद झालं. मोसमभर तिनं पानं उलटीसुलटी करून पाहिली, वाकचौरे नाही. तिच्या जागी कुणी काळभोर आलेली, तिचेच बारा, तिचेच चौदा. या काळभोरचा तिला मनापासून राग यायचा. आणि तरी – खोटं कशाला बोला – एके दुपारी तिच्या ध्यानात आलं की आपला जीव भांड्यात पडलाय. थांबली. तीही थांबली. कुठंतरी पोळ्या लाटत असेल आता. त्या दिवसापासून विजयमालेला झोप बरी लागायची.

आणि आता ही गाठ.

कॉलेजात असताना पुण्याच्या अंतिम सामन्यात भागिरथीची रिबीन तुटली, केस डोळ्यांवर यायला लागले, तेव्हा विजयमालेनं वाकून आपल्या उजव्या बुटाची नाडी ओढून काढली आणि तिच्या वेणीला करकचून बांधली. पुढचा सगळा खेळ ती त्या सैल बुटानिशी धावली, तो निसटू नये म्हणून पायाची बोटं आत आवळून धरत… दुसऱ्या दिवशी पेपरात नाव भागिरथीचं आलं, चेंडू कुणी काढून दिला ते पेपरवाले कशाला लिहितील? पण भागिरथीनं पुन्हा रिबीन बांधली नाही. म्हणायची, तुझी नाडी घसरत नाही बाई.

फोटोखाली छापलं होतं – चेंडू टाकताना रेल्वेच्या सौ. मृणालिनी काळभोर.

सौ.! लग्न झालं, आडनाव गेलं, नावही गेलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं असेल नवऱ्यानं, माझ्या ताटात ह्यांनी मंदाकिनी लिहिलं तसंच. तीन वर्षं मी मंदा म्हणून हाकेला ओ देतेय आणि मलाच हे सुचू नये? वर्षभर मी तिच्याच वतीनं तिचाच राग करत होते. तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. कारण नाव राहू द्या बाजूला – लग्न झालं होतं भागिरथीचं. झालं होतं, आणि ती खेळत होती.

"काय गं मंदा, झोप लागली का काय?" मालनबाई म्हणाल्या. मग त्यांनीच वाकून पाहिलं. "आगंबया, तंगड्या उघड्या टाकून कुठं उडती ही? वळखीची हाय का?"

"कॉलेजात माझ्याबरोबर होती, आत्याबाई."

"लगीन न्हाई झालं तिचं?"

"झालंय."

"आन् तरी?"

"तरी."

मालनबाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ धरला. "नवरा बरा भेटला म्हनायचा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

नवरा बरा भेटला… पण हे तरी कुठं वाईट होते? आवाज चढवून बोलले नव्हते कधी, पानात पडेल ते जेवायचे. यांनी तिला नाही म्हटलंच नव्हतं. म्हणणार कधी? तिनं विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात नाही, साखरपुड्यात नाही, या तीन वर्षांत एकदाही नाही. वडिलांचं एक वाक्य ती उशाला घेऊन झोपत होती, आणि आता ते कुणी तरी हलकेच काढून घेतलं होतं. आणि विचारलं असतं, आणि हे 'जा' म्हणाले असते, तर… तर मग हे सगळं कुणी थांबवलं होतं?

तिनं पुढची शेंग उचलली. ती पोचट निघाली. दुसरी उचलली. उन्हं अंगणाच्या कडेला सरकली, मालनबाई हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचं ते सांगत होत्या आणि ती हो हो म्हणत होती. दारात सायकल टेकल्याचा आवाज आला. हे आले होते.

पाणी द्यायला म्हणून ती उठली आणि पहिल्याच पावलाला अडखळली. तिच्या उजव्या पायाची बोटं आत आवळलेली होती, घट्ट, केव्हापासून कोण जाणे. सारवलेल्या भुईवर पाऊल टेकवून तिनं ती सैल सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेनात.