वाकड्या पट्टीचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी वक्रपट्टी आहे, आणि वाकडी असल्याबद्दल मी कुणाचीही क्षमा मागणार नाही.

सुताराने मला मोडक्या आरामखुर्चीच्या हातातून कापले. मासे पाळणाऱ्या दोन भावंडांच्या टेबलावर माझे आयुष्य सुरू झाले. शेजारी त्यांच्या वडिलांची पट्टी असे, जन्मभर नाकासमोर चाललेली. दादाचा सारा विश्वास तिच्यावर. लहानपणी त्याने मला सरळ करण्यासाठी दगडाखाली दाबले होते. चीर पडली, बाक गेला नाही. पुढे मी खिडकीचा टेकू झाले.

एका वर्षी तळ्यात पाणवनस्पती शिरली. पाण्यावर पाखरे अडवायला ताणलेल्या जाळीचे शहाण्णव चौकोन होते. पहिल्या मोजणीत तीन चौकोनांखालचे पाणी हिरवे झाले होते, दोन आठवड्यांनी बारा. सगळे झाकले गेले की मासे गुदमरणार.

दादाने कागदावर दोन बिंदू मांडले आणि सरळ रेघ ओढली. चार महिने हातात आहेत, मासे मोठे झाले की वनस्पती सावकाश उपसू, असे त्याने ठरवूनही टाकले.

"दादा, ही काय भिंत आहे, रोज तेवढ्याच विटा चढायला?" धाकटी म्हणाली. "इथे पानाला पान फुटतंय."

"तुला मेलं सरळ काही दिसतच नाही."

तिने मला खिडकीतून ओढले. खिडकी धाडकन मिटली. आरंभी तीन. दोन आठवड्यांत चौपट. म्हणजे ज्या संख्येने दोनदा गुणले की चौपट होते, ती दोन. तीन गुणिले दोनचा घात, आणि घातांक म्हणजे गेलेले आठवडे. पुढचे बिंदू चोवीस, अठ्ठेचाळीस आणि पाचव्या आठवड्यात शहाण्णव. माझ्या कडेने तिची पेन्सिल वर चढत गेली.

मित्रांनो, त्या दोन बिंदूंतून सरळ रेघही जात होती आणि मीही. बिंदू कुणाची बाजू घेत नाहीत. वाढणाऱ्या जिवाची रीत ओळखावी लागते.

दादा हसला. पण तिसऱ्या आठवड्याला तो स्वतः मोजायला गेला. त्याची रेघ सोळा-सतरा सांगत होती, भरले चोवीस. परतला तो गुडघ्यापर्यंत ओला.

"दुसरं दाताळं कुठे ठेवलंयस?" एवढेच त्याने विचारले.

त्या संध्याकाळी दोघे तळ्यात उतरले. मासे जगले.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. वारा अडवते, उन्हात वाळते. मला वाटल्यास धूळ पुसून ठेवा, चिरेत थोडे तेल सोडा. पण दगड आणू नका. तो प्रयोग होऊन गेला आहे.