नागोजीबाबांचं सिद्ध पिंप

बाबांच्या उणकलमधल्या नव्या बंगल्यात गर्दी मावत नव्हती. समोर हातभर उंचीचं ओकचं पिंप, त्याला गंध आणि फुलं. नागोजीबाबांनी फिकट सिंगल माल्ट व्हिस्की आठवडाभर त्यात ठेवून रोज मंत्र म्हटला होता. आता तोटी फिरवताच गडद तांबूस धार आली.

"वास घ्या! मनुका, अंजीर! मंत्रानं विष उतरलं. ही लिव्हरला बळ देते, वकीलअण्णा!"

"हौदु, हौदु!" गर्दी कानडीत होकार देत डोलली. वकील वेंकटेशनं पेला पुढे केला. त्याचं लिव्हर सुजलं होतं, डॉक्टरांनी थेंबही वर्ज्य सांगितला होता.

मागे उभे होते रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक यशवंत. कित्येक वर्षं ही सगळी मंडळी रविवारी त्यांच्या विद्यानगरच्या व्हरांड्यात जमायची, माल्टबद्दल त्यांचंच ऐकायची. आता तिथं खुर्च्या रिकाम्या. नागोजीच्या पायाशी बसलेला जिवलग वेंकटेश पाहून त्यांना राहवेना.

"जळलेली साखर घातलीय यानं!" ते ओरडले.

बाबांनी शांतपणे पिंप उघडलं. जळलेल्या साखरेचा कडवट वास की चिकट थर, काहीच नव्हतं. लोक हसले.

"यशवंता, तू जळतोयस," वेंकटेश म्हणाला. ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

वेंकटेशची मुलगी भार्गवी गोव्याच्या एका डिस्टिलरीत काम करायची. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. यशवंतकाका तिला गाठून तावातावानं बोलत सुटले.

तिनं अडवलं. "काका, तुमचा राग ऐकून अप्पा थांबणार नाहीत. करूनच दाखवू."

संध्याकाळी तिनं बंगल्यावर भर सभेत विचारलं, "बाबा, हाच मंत्र काचेच्या बरणीतल्या माल्टवर म्हणाल?"

"काचेला दीक्षा नसते, मुली!"

"मग या रिकाम्या झालेल्या पिंपात नुसतं पाणी घालते. मंत्र म्हणू नका."

बाबा नको म्हणेपर्यंत पिंप विसळून कढत पाणी आत गेलं होतं. तासाभरानं तोटीतून तांबूस पाणी आलं. मनुकांचा तोच वास.

"यात आधी महिनोन् महिने शेरी, म्हणजे गोडसर वाईन, मुरवलीय," भार्गवी म्हणाली. "लाकूड जी प्यायलं, तीच आता परत देतंय. आम्हीही शेरीच्या पिंपात माल्ट ठेवतो, तेव्हा मनुका-अंजिराची चव येते. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपात ठेवली तर व्हॅनिलाची. फक्त आम्हाला वर्षं लागतात. पिंप छोटं आणि ओलं, म्हणून यांचं आठवड्यात भागतं."

"पण विष तर उतरलं ना?" वेंकटेशनं क्षीण आवाजात विचारलं.

यशवंतांनी वेंकटेशच्या पेल्यातली थोडी 'सिद्ध' माल्ट पळीत कोमट करून काडी लावली. निळी ज्योत लपलपली.

"जळतंय ते अल्कोहोल, वेंकट्या. तुझं विष तेच, आणि ते इथंच आहे."

वेंकटेशनं उरलेला पेला मोरीत ओतला. टाळ्या मात्र भार्गवीला पडल्या. यशवंतांना क्षणभर तिचाही हेवा वाटला, मग स्वतःचंच हसू आलं.

नागोजी रागानं पकडला गेला नाही, हेव्यानं तर नाहीच. साध्या कसोटीनं पकडला गेला. तेव्हा मंडळी, आजारावर कुणी चमत्कार विकू लागला, तर त्याचा मंत्र बाजूला ठेवून तीच गोष्ट घडते का ते पाहा, आणि औषधासाठी डॉक्टरांकडेच जा.